समोरचे शॉकअप घरी बदलताना: तयारी, क्रम आणि वजनावरचं आवळणं

महागातले गॅसचे शॉकअप बसवले, तरी खड्ड्यात समोरून ‘खट’ असा आवाज येतोच. स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. वर्षभरात लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) नवे बुश, म्हणजे सांध्यातले रबर, हेही फाटतात. घरी काम केलेल्यांकडून या तक्रारी सतत येतात आणि दोष बहुतेक वेळा शॉकअपचा नसतो. एक तर आवाज भलत्याच भागाचा असतो, नाहीतर शॉकअपसोबत बदलायचे छोटे भाग जुनेच ठेवलेले असतात, किंवा गाडी जॅकवर लटकत असतानाच बुशचे बोल्ट करकचून आवळलेले असतात.

इथली पद्धत मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात जोडलेले, असलेल्या छोट्या गाड्यांसाठी आहे. आल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय१०, टियागो, क्विड या सगळ्यांत समोर हीच रचना असते. बोल्टचे माप आणि आवळण्याचे आकडे मॉडेलनुसार बदलतात, त्यामुळे तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका.

आधी ठरवा: सुधारणा म्हणजे काय करायचं आहे

रोजच्या गाडीसाठी माझं मत ठाम आहे. उंची कंपनीची तीच ठेवा. तेलाच्या जागी चांगल्या कंपनीचे गॅसभरले शॉकअप घ्या आणि त्यासोबत वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला तर धक्का झेलणारं रबर), डस्ट कव्हर आणि लिंक रॉड (वळणावर गाडीचा कल आवरणाऱ्या अँटी-रोल बारला स्ट्रटशी जोडणारी दांडी) नवे टाका. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब असल्यामुळे सलग खड्ड्यांत तेलाला फेस कमी येतो आणि घाटातल्या खराब रस्त्यावरही उसळी दाबण्याची ताकद टिकते. फरक इथेच जाणवतो. शॉकअप बदलल्याने गाडी उंच होत नाही. झालीच तर काही मिलिमीटर.

स्प्रिंग दबून बसली असेल, तुटली असेल किंवा दोन्ही बाजूंच्या उंचीत फरक असेल तरच बदला. गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंग साध्या शॉकअपवर टाकल्या, की दांडा कायम अर्धवट आत दबलेला राहतो. मग थोड्याशा खड्ड्यातही बंप स्टॉप आपटतो आणि शॉकअप लवकर जातो.

स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर आपल्याकडे खूप खपतात. ते घेऊ नका. बफरने तेवढे वेढे दाबलेच जात नाहीत, म्हणजे स्प्रिंग आखूड आणि कडक होते. कडक स्प्रिंग उसळून परत येताना तिला आवरण्याचं काम मूळ शॉकअपच्या आवाक्याबाहेर जातं. उंची वाढवणाऱ्या स्पेसरने ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाक फिरवणारा दांडा) आणि बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) जास्त तिरक्या कोनात चालतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. उंचीशी खेळण्याआधी हे आणि विमा, दोन्ही ध्यानात घ्या.

१. निदान: शॉकअपच गेलाय का?

सपाट जागी गाडी उभी करा. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा आणि लिहून ठेवा. ही मापं नवव्या टप्प्यात लागणार आहेत, म्हणून कागद जपून ठेवा. समोरच्या दोन बाजूंत दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर स्प्रिंग तपासा. खालचा वेढा तुटलेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि बुडाशी असल्यामुळे ती दिसत नाही.

मग शॉकअपची नळी पाहा. वरच्या भागात तेलाचा पुसट, धूळ चिकटलेला थर असेल तर काळजी नाही. तेल ओघळून खालच्या ब्रॅकेटपर्यंत आलं असेल तर तो गेला. बॉनेट दाबून गाडी हलवण्याची चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते. अर्धवट गेलेला तिच्यातून सुटतो. टायरच्या कडेवर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर तो जास्त खात्रीचा पुरावा.

आवाजाचं वेगळं बघा. हळू वेगात छोट्या-छोट्या खड्ड्यांत खडखड होत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर. ब्रेक लावताना किंवा सोडताना एकच ‘ठक’ येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवताना स्प्रिंग ‘टण्’ करून फिरत असेल तर वरचं बेअरिंग. यातलं काहीही नुसता शॉकअप बदलून जाणार नाही.

तपासा: चाक उचलून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी चाक हलवायला सांगून बॉल जॉइंटवर बोट ठेवा. बॉल जॉइंट ढिला असेल तर लोअर आर्मही या यादीत आला.

२. सामान आणि हत्यारं

शॉकअप नेहमी जोडीने घ्या. एक नवा आणि एक जुना असेल तर ब्रेक लावताना आणि वळणावर गाडी दोन बाजूंना वेगवेगळी वागते. पेटीवर डावा-उजवा लिहिलेलं असतं, पण त्यावर विसंबू नका. ब्रेकच्या पाइपचं ब्रॅकेट कुठल्या बाजूला आहे ते जुन्याशी ताडून पाहा. त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे भागही वेगळे असू शकतात, म्हणून दुकानात चेसिस नंबर घेऊन जा. पुण्यात नाना पेठ असो की तुमच्या गावातलं स्पेअर पार्टचं दुकान, पक्कं बिल घ्या. रीकंडिशन केलेला, म्हणजे नुसता रंग मारून तेल भरलेला शॉकअप स्वस्त मिळाला तरी नको.

कंपनीने एकदाच वापरायचे सांगितलेले नट-बोल्ट नवे आणा. विशेषतः नायलॉनची कडी असलेले लॉक नट दुसऱ्यांदा तितके धरत नाहीत.

हत्यारांत दोन टनांचे दोन स्टँड, ट्रॉली जॅक, रिंग पाने, गोटी सेट, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला ‘टक्’ करणारा पाना), अ‍ॅलन की, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, रंगाचा मार्कर, जाड तार आणि चाकाला लावायला लाकडी पाचरी लागतात. डोळ्यांना चष्मा हवाच. डिकीतला कैचीचा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

३. आदल्या रात्री

समोरचे सगळे बोल्ट वायर ब्रशने घासा आणि स्प्रे मारून रात्रभर मुरू द्या. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत राहिलेली किंवा दोन-तीन पावसाळे चिखलात गेलेली गाडी असेल तर संध्याकाळी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा मारा. ब्रेक डिस्कवर उडू देऊ नका. जास्त गंजलेला लिंक रॉडचा नट हमखास जागीच फिरत राहतो, सुटत नाही. त्यासाठी नवा लिंक रॉड आणलेला असला की बिनधास्त कापता येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी लागणारच असेल तर काम पुढे ढकला. पहिल्यांदा करताना पूर्ण दिवस धरा. अलाइनमेंटच्या दुकानाची वेळही आजच विचारून ठेवा.

४. गाडी उचलणं

जागा सपाट आणि टणक हवी. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर स्टँडचे पाय एकेका ब्लॉकला खचवतात, म्हणून खाली जाड प्लायचा तुकडा घाला. उताराची जागा असेल तर तिथे हे काम नकोच.

मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचरी लावा, हँडब्रेक ओढा. गाडी गिअरमध्ये आहे म्हणजे ती हलणार नाही, असं समजू नका. इंजिन समोरची चाकं फिरवतं, आणि ती हवेत गेली की गिअर काहीच धरत नाही. विटा पाचर म्हणून वापरू नका, त्या फुटतात.

जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा ढिले करा. गाडीत वरच्या माउंटिंगला मधला एकच मोठा नट असेल तर त्याला आता हात लावू नका.

समोरच्या दोन्ही बाजू एकत्र उचला. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बार पिळलेला राहतो, लिंक रॉडचा बोल्ट सरळ निघत नाही आणि सुटला तर झटका मारतो. कंपनीने दिलेल्या जागी स्टँड लावा, जॅक थोडा खाली करून वजन स्टँडवर घ्या आणि मग गाडीला हाताने जोरात हलवा. जरासुद्धा डुगडुगली तर परत उचलून नीट बसवा. काढलेली चाकं दाराखालच्या पट्टीच्या आत आडवी सरकवून ठेवा. स्टँड घसरला तर गाडी चाकावर बसते, माणसावर नाही.

५. जुना स्ट्रट काढणं

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी असली की कुठला बोल्ट कुठल्या दिशेने होता हे पाहायला नमुना मिळतो.

खोलण्याआधी स्ट्रटचं ब्रॅकेट आणि नकल (ज्यावर चाक बसतं तो लोखंडी भाग) यांच्यावरून मार्करने एक रेघ ओढा. अलाइनमेंट होईपर्यंत गाडी सरळ चालायला ही खूण मदत करते. बोल्टची डोकी पुढे होती की मागे, फोटो काढून ठेवा.

मग हा क्रम पाळा. आधी ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या ब्रॅकेटमधून मोकळी करा. मग लिंक रॉडचा नट. स्टड सोबत फिरायला लागला तर टोकाच्या खाचेत अ‍ॅलन की घालून किंवा मागून बारीक पान्याने धरून ठेवा. त्यानंतर नकलचे दोन मोठे नट काढा, पण बोल्ट जागीच राहू द्या. आता नकल जाड तारेने स्प्रिंगला नव्हे, गाडीच्या बॉडीला बांधा आणि मगच बोल्ट बाहेर काढा.

सावधान: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. नकल बांधलेलं नसेल तर ते बाहेरच्या बाजूला कलंडतं. ब्रेकच्या पाइपवर ताण येतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट खेचला जाऊन सुटतो. मग गिअर ऑइल जमिनीवर आणि रबरी बूट फाटलेला. शॉकअपचं काम गिअरबॉक्सपर्यंत जातं.

शेवटी वरचे नट. काही गाड्यांत दोन-तीन छोटे असतात, काहींत मधला एकच. काही मॉडेलमध्ये वायपरखालचं प्लास्टिकचं काउल काढल्याशिवाय ते दिसतच नाहीत. शेवटचा नट काढताना दुसऱ्या हाताने खालून स्ट्रट धरा, त्याचं वजन अनपेक्षित असतं. छोटे नट असतील तर ते बॉडीला धरलेले आणि मधला मोठा नट स्प्रिंगला धरलेला, हे पक्कं डोक्यात ठेवा.

सावधान: छोटे नट असलेल्या गाडीत स्ट्रट गाडीवर असताना किंवा खाली काढल्यावरही, स्प्रिंग दाबलेली नसताना मधला नट कधीही सोडायचा नाही. मधला एकच नट असलेल्या गाडीत तो कसा आणि केव्हा सोडायचा, हे मॅन्युअलमध्ये शब्दशः वाचा.

६. स्प्रिंग उतरवणं

चालकासह ९०० किलोची गाडी धरली, तर वजनाचा साधारण ६० टक्के भाग समोर असतो, म्हणजे समोरच्या एका चाकावर २५० किलोच्या वर भार आणि त्यातला बहुतेक स्प्रिंगवर. ती उतरवण्यासाठी तुम्ही हाताने तसाच मोठा जोर साठवणार आहात. दाबलेली स्प्रिंग निसटली तर चेहरा आणि हात दोन्ही जातात.

म्हणून स्पष्ट सांगतो: चांगला, सेफ्टी पिन असलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंगला हुक लावून दाबून धरणारं हत्यार) नसेल तर हा एवढाच टप्पा घरी करू नका. काढलेला स्ट्रट आणि नवे भाग घेऊन प्रेस असलेल्या गॅरेजात जा, स्प्रिंग उतरवून नव्या शॉकअपवर चढवून आणा. बाकी सगळं काम तरीही तुमचंच राहतं.

कॉम्प्रेसर असेल तर दोन्ही हुक अगदी समोरासमोर लावा, शक्य तितके जास्त वेढे कवेत घ्या, पिना अडकवा. मग एका बाजूला दोन-तीन फेरे, दुसऱ्या बाजूला तेवढेच. स्प्रिंग वाकडी होत गेली तर थांबा, सोडा आणि परत लावा. इम्पॅक्ट गन वापरायची नाही. स्प्रिंगचं टोक स्वतःकडे किंवा कुणाकडेही रोखलेलं नको. वरचं माउंटिंग हाताने हलायला लागलं म्हणजे भार सुटला. तेव्हाच मधला नट सोडा.

७. नवा स्ट्रट जोडणं

शॉकअप उभा धरून दांडा सावकाश पूर्ण खाली-वर तीन-चार वेळा करा. आडवा पडून राहिलेल्या शॉकअपमध्ये तेलाच्या कामाच्या जागी वायू शिरलेला असतो. तो काढला नाही तर पहिले काही किलोमीटर ‘फच् फच्’ आवाज येतो आणि लोक माल खराब म्हणून परत करायला निघतात.

बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर आधी चढवा. मग स्प्रिंग. तिचं खालचं टोक ती टेकते त्या बशीतल्या आडव्याला, म्हणजे टोक अडवणाऱ्या उंचवट्याला, टेकेल असं फिरवा. निमुळतं टोक असेल तर ते वर की खाली, हे जुन्या जोडणीच्या फोटोवरून पाहा. त्यावर वरची बशी, बेअरिंग, माउंटिंग आणि मधला नट. बेअरिंग उलटं बसू शकतं, म्हणून बोटाने फिरवून बघा.

सावधान: मधला नट आवळताना दांडा फिरू नये म्हणून लोक तो पक्कडीने धरतात. क्रोमवर आलेला एक ओरखडा प्रत्येक खड्ड्यात सील कापत राहतो आणि महिन्याभरात तेल गळायला लागतं. दांड्याच्या डोक्यावर अ‍ॅलन की किंवा चपटा भाग दिलेला असतो, तिथेच धरा. याच कारणाने इथेही इम्पॅक्ट गन नको. वेगाने फिरलेला दांडा आतल्या पिस्टनचा नट ढिला करू शकतो.

तपासा: कॉम्प्रेसर सोडताना एकेक बाजू थोडी-थोडी सोडा आणि स्प्रिंगची दोन्ही टोकं आडव्याला टेकून आहेत ना, ते पाहत राहा. टेकत नसतील तर पुन्हा दाबून फिरवा.

८. स्ट्रट बसवणं

काढण्याच्या उलट क्रमाने. वरचे नट हाताने लावा, आवळू नका. खाली नकल ब्रॅकेटमध्ये घ्या, बोल्ट मूळ दिशेनेच घाला. भोकं जुळत नसतील तर बोल्टवर हातोडा मारण्याऐवजी लोअर आर्मखाली जॅक लावून हळूच वर करा. मार्करची रेघ नव्या ब्रॅकेटवर नसणार, म्हणून जुन्या स्ट्रटवरच्या रेघेचं अंतर मोजून तसं जुळवा. मग हे दोन बोल्ट मॅन्युअलच्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा आणि त्यानंतर वरचे नट.

आटे पुसून कोरडे करा. तेल किंवा ग्रीस लागलेल्या आट्यांवर टॉर्क रेंच ‘टक्’ करते, तोवर बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त ताणला गेलेला असतो.

लोअर आर्मही बदलत असाल तर बॉल जॉइंटचा स्टड नकलमध्ये पूर्ण वर घाला. बऱ्याच गाड्यांत आडवा बोल्ट स्टडच्या खाचेतून जातो. स्टड अर्धवट असताना तो बोल्ट ठोकून घातला तर स्टड खराब होतो आणि पुढे जॉइंट निसटू शकतो. आर्मचे बुशवाले बोल्ट आत्ता फक्त टेकवून सोडा.

ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर परत त्यांच्या जागी बसवा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. पाइप ताणला जात नाही ना, टायरला घासणार नाही ना. आता दुसरी बाजू.

९. बुशचे बोल्ट वजनावर आवळणं

लोअर आर्मला हात लावला नसेल तर आर्मचे बोल्ट आवळण्याचा भाग तुम्हाला लागू नाही; चाकं लावून गाडी उतरवा आणि या टप्प्याच्या शेवटची चाकाच्या नटांची तपासणी तेवढी करा. लावला असेल तर सगळ्यात जास्त चुकतं ते इथे.

आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळतं. गाडी हवेत असताना आर्म पार खाली लोंबकळत असतो. त्याच स्थितीत बोल्ट आवळला, की रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते. मग गाडी जमिनीवर आल्यावर उभ्या-उभ्याही ते कायम पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळलं जातं. नवा बुश काही महिन्यांत फाटतो तो यामुळे.

म्हणून चाकं लावा आणि गाडी समोरच्या दोन्ही चाकांखाली सारख्या जाडीच्या रुंद, भक्कम लाकडी फळ्यांवर उतरवा, म्हणजे खालून पान्याला जागा मिळेल. स्टँड जरासे खाली करून तसेच राहू द्या. बॉनेट दोन-तीन वेळा दाबून सोडा, म्हणजे सगळं आपल्या जागी बसेल. मग टेप घ्या आणि चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर पहिल्या टप्प्यातल्या कागदाशी जुळवा. नवी स्प्रिंग टाकली असेल तर थोडी जास्त उंची चालेल, पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात. जुळलं, की आर्मचे बोल्ट पूर्ण आवळा.

तपासा: चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने. बहुतेक छोट्या गाड्यांत आकडा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका मॅन्युअलमध्ये पाहा. पान्यावर उभं राहून आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झालं तर निघत नाहीत.

१०. रस्त्यावर आणि अलाइनमेंटला

गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दोन-तीन वेळा दाबा आणि ते घट्ट लागतंय याची खात्री करा. आवळलेल्या प्रत्येक नटावर मार्करची रेघ ओढा, म्हणजे पुढे ढिला झाला तर एका नजरेत कळेल. पहिला फेरा रिकाम्या गल्लीत, हळू, काचा खाली आणि रेडिओ बंद. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकत्र, मग एकेक चाक वेगळं घाला.

अजूनही ‘खट’ येत असेल तर आधी मधला नट आणि लिंक रॉडचे नट तपासा. नव्या शॉकअपवर संशय शेवटी घ्या.

तिथून थेट अलाइनमेंटला जा. नकलचे बोल्ट सुटले म्हणजे कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेर कल) हललाच, आणि त्याच्यासोबत टो (वरून पाहिल्यावर चाकाचं तोंड आत की बाहेर) बदलतो, कारण स्टिअरिंगचा टाय रॉड नकललाच जोडलेला असतो. तसंच चालवत राहिलं तर नव्या टायरची कडा खाल्ली जाते. दुकानात फक्त टो जुळवून पाठवतात, म्हणून आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा आणि डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक स्वतः वाचा. फरक मोठा असेल तर नकलचे बोल्ट ढिले करून तो तिथेच कमी करून घ्या आणि त्यानंतर टो परत जुळवायला लावा. क्रम उलटा झाला तर टो पुन्हा बिघडतो.

शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि मार्करच्या रेघा पाहा. नव्या स्प्रिंग टाकल्या असतील तर त्या थोड्या बसतात, तेव्हा हजार किलोमीटरला उंची परत मोजा, हेडलाइटचा झोत भिंतीवर पाहून घ्या आणि अलाइनमेंटचे आकडे एकदा आणखी काढून पहिल्या कागदाला जोडून ठेवा.